डोळ्याला टेकू

१

रफू करणाऱ्या दोघी बहिणी होत्या. गल्लीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. एक थोरली, एक धाकटी. थोरली साठीला आलेली, बोलायला गरीब, हाताला सोनं. धाकटी वयाने चार वर्षांनी लहान आणि जिभेने दहा वर्षांनी मोठी. गिऱ्हाइकाने कोट काउंटरवर टाकला की धाकटी भोकात बोट घालून विचारायची, "हे कसरीने खाल्लंय की तुम्ही?" गिऱ्हाईक हसायचं, आणि भोक थोरलीच्या स्वाधीन करून जायचं.

दिवस ठरलेला. आठ वाजता शटर वर. धाकटी झाडायची, थोरली पुढच्या खिडकीची काच पुसायची, कारण रफू म्हणजे सगळा उजेडाचा खेळ. उजेड पाठीमागून, डाव्या खांद्यावरून यायला हवा, म्हणजे हाताची सावली सुईवर पडत नाही. म्हणून थोरलीचं स्टूल रस्त्याकडे पाठ करून आणि तोंड आतल्या खोलीकडे. आतल्या खोलीला दार नव्हतं, नुसती चौकट. कामावरून मान वर केली की तीच चौकट समोर. आत इस्त्रीचं टेबल, घड्या ठेवायची फळी आणि फळीशेजारी कपडे चढवून बघायचा लाकडी पुतळा. धूळ बसू नये म्हणून त्याला जुनी चादर पांघरलेली. तीस वर्षं हेच.

भोक बुजवणं वेगळं आणि रफू वेगळं. भोक कुणीही बुजवील, त्याला ठिगळ म्हणतात. जिथे कापड उरलेलंच नाही तिथे कापड विणायचं, आधी उभे धागे, मग त्यांतून एक वर एक खाली आडवे, ते रफू. थोरलीने केलेलं रफू मालकालाही सापडायचं नाही. ती स्वतःच म्हणायची, "उद्या मलाच दाखव म्हणालात तर मीही शोधत बसेन."

एका सकाळी ती सुईत दोरा ओवायला बसली आणि नेढं हललं. तिने हात टेबलावर टेकवला. नेढं हललंच. मग टेबल हललं. मग टेबलापलीकडची भिंत.

"अगं, भूकंप!" थोरली ओरडली.

धाकटी दारात शेजारणीशी बोलत होती, ती तशीच वळून म्हणाली, "कुठे?"

२

त्याआधी आठवडाभर तिला ताप होता. ताप गेला, पण जाताना घरात काहीतरी उलथंपालथं करून गेला. थोरलीचे डोळे तिच्या ताब्यात राहिले नाहीत. आपोआप हलायचे, दिवसभर, झोपेतून उठल्यापासून झोपेपर्यंत. आणि ज्याचे डोळे असे हलतात त्याला डोळे हलताहेत असं कळत नाही हो. त्याला जग हलताना दिसतं. भांडं, पायरी, समोरच्या माणसाचं तोंड, सगळं थरथरत्या पाण्यात पडल्यासारखं. पायरीवर पाऊल ठेवावं तर पायरी सरकलेली. घास उचलावा तर पोटात ढवळून यायचं.

"माझी किती नाकं दिसतात गं तुला?" धाकटीने पहिल्याच दिवशी विचारलं.

"दोन."

"बरं झालं. एक दुसऱ्यांच्या कामात खुपसायला ठेवीन."

थोरली हसली आणि हसता हसता रडली. धाकटीने मग तिला रडू दिलं, डोकं मांडीवर घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बारीक कामं परत पाठवायला लागली. थोरलीकडे राहिली घोंगड्यांची आणि पोत्यांची शिलाई, जी आंधळ्यालाही हाताच्या अंदाजाने जमते. बारीक सुया तिने डबीत घालून डबी फळीवर ठेवून दिली. माणूस गेल्यावर त्याचा चष्मा ठेवतात ना, तशी.

पण एक गोष्ट होती, आणि ती तिने कुणाला सांगितली नाही.

सगळं नाचायचं, पण पुतळा नाचत नव्हता.

स्टुलावर बसून मान वर केली की चौकट डुलायची, टेबल डुलायचं, इस्त्रीची वायर सापासारखी वळवळायची आणि टेबलामागे, भिंतीच्या कोपऱ्यात, चादर पांघरलेला पुतळा मात्र खांबासारखा उभा. पहिल्यांदा दिसला तेव्हा थोरलीच्या जिवात जीव आला. नजर त्याच्यावर टेकली की पोटातली मळमळ बसायची, मान हलकी व्हायची. बुडत्याला खांब सापडावा तसं झालं. हात घोंगडीत आणि डोळा पुतळ्यावर, अशी ती दिवस काढायला शिकली. उठायचं झालं तरी आधी त्याच्याकडे बघायची, श्वास घ्यायची, मग पाऊल टाकायची.

पूर्वी हा फळीशेजारी असायचा, आता टेबलामागे कसा, हे मनात आलं होतं. पण धाकटी काय, घरातल्या वस्तू तिच्या हाताखाली मुलांसारख्या जागा बदलतात.

"बाबा रे," ती मनात म्हणायची, "तू आहेस म्हणून मी आहे." मोठ्याने कसं म्हणणार? लाकडाच्या पुतळ्याचे आभार मानते म्हटल्यावर धाकटीने उरलेलं आयुष्य त्यावरून चिडवण्यात काढलं असतं.

असे अकरा महिने गेले.

३

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलणं असं की ऐकताना अर्धं दुखणं खाली बसावं. आधी दोन डॉक्टर होऊन गेले होते. एकाने चष्मा दिला, दुसऱ्याने "वय झालं" असं सांगितलं. धाकटी त्याला म्हणाली होती, "वय पाय दुखवतं डॉक्टर, भिंती हलवत नाही." आणि ताईचा हात धरून बाहेर पडली होती. या तिसऱ्या बाई तिनेच शोधल्या आणि तीन तासांचा प्रवास करून ताईला आणलं.

डॉक्टरीणबाईंनी थोरलीला पोहणाऱ्यांचा असतो तसा जाड चष्मा लावला. त्यात बारीक कॅमेरा होता. मग पडद्यावर तिचेच डोळे तिला मोठे करून दाखवले, हळू चालवून, दिसेल तसं. बुबुळ उजवीकडे हळूच सरकायचं आणि डावीकडे झटक्याने परत यायचं. पुन्हा सरकायचं, पुन्हा झटका. तीन झटके, मग क्षणभर विसावा. मग पुन्हा तीन.

"मावशी, ही तुमच्या डोळ्यांची चाल," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाची वेगळी असते. सही असते तशी."

"मोडता येईल?" धाकटीने विचारलं.

"मोडता नाही, धरून ठेवता येईल. औषध आहे. मेंदू डोळ्यांना जे नको ते हुकूम सोडतोय, त्यांचा आवाज ते कमी करतं. बरं करत नाही हं, सांभाळतं. घेतलं तर थांबेल, सोडलं तर परत येईल. सगळ्यांना लागू पडतंच असंही नाही."

पहिलं औषध लागू पडलं नाही. त्याने थोरली दिवसभर पेंगायची, जेवताना ताटात डोकं जायचं. दुसरं दिलं. अर्ध्या गोळीपासून सुरुवात, दर आठवड्याला थोडी वाढ. देताना डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट बजावली. "याने कुणाकुणाला नसलेलं दिसतं. भास होतात. तसं काही झालं तर लपवायचं नाही. मग हे बंद करावं लागेल. आणि मावशी, खरं सांगते, यानंतर माझ्याकडे तिसरं नाही."

चौथ्या आठवड्यात, सकाळी दात घासताना, थोरलीला आरशाच्या कडेला गेलेला तडा दिसला. एक तडा. सरळ. तो तिथे किती वर्षं होता देव जाणे. ती त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिली की धाकटीने दार वाजवलं.

"मेलीस की काय आत?"

"धाकटे," ती आतून म्हणाली, "आरसा फुटलाय गं! किती छान फुटलाय!"

त्या दिवशी दोघी बहिणी दुकान उघडून नुसत्या बसून राहिल्या. थोरली एकेक वस्तू बघत होती. कात्री. बटणांची बरणी. धाकटीच्या हनुवटीवरचा केस. ("तो बघायला बरे झाले का तुझे डोळे?") मग तिने डबी काढली, सगळ्यांत बारीक सुई घेतली, आणि एका फटक्यात दोरा ओवला. धाकटीने तोंड फिरवून काउंटर पुसायला घेतला. तो काउंटर तिने त्या सकाळी चारदा पुसला.

४

तेव्हा थोरलीला आठवण झाली, ज्याने अकरा महिने सांभाळलं त्याच्याकडे आपण आज बघितलंच नाही. तिने मान वर केली.

चौकट जागच्या जागी. टेबल जागच्या जागी. इस्त्रीची वायर मेल्यासारखी पडलेली.

टेबलामागे पुतळा थरथरत होता.

फार नाही. उकळीच्या आधी भांड्याचं झाकण थरथरतं ना, तेवढं. तिने डोळे चोळले. खिडकीतून वारा येत असेल, चादर हलत असेल. पण फळीवरच्या घड्यांच्या कडा हलत नव्हत्या, आणि पाण्याच्या पेल्यात तरंग नव्हता.

"धाकटे, पुतळ्यावरची चादर काढून टाक गं. वाऱ्याने फडफडतेय."

"कुठला पुतळा?"

"आपला. तुझा सासरा नव्हे."

धाकटी हातातलं फडकं घेऊन वळली. "ताई, पुतळा माळ्यावर आहे. तू आजारी पडलीस त्याच आठवड्यात टाकला मी. तू त्याला धडकलीस, कपाळाला टेंगूळ आलं, आठवत नाही? म्हटलं, हिला भिंती दिसत नाहीत, वाटेत हा ठोंब्या कशाला."

थोरली तिकडेच बघत राहिली. धाकटीनेही तिच्या नजरेच्या रोखाने आत बघितलं, टेबलामागे, सरळ त्याच्यावर, आणि म्हणाली, "काय? जाळं लागलंय का?"

"नाही," थोरली म्हणाली. "काही नाही."

५

थोरली अडाणी होती, पण खुळी नव्हती. कापडात दोष आहे की डोळ्यात, हे रोजच ओळखावं लागे तिला. तसंच तिने इथे केलं. आधी उजवा डोळा झाकला, मग डावा. टेबलामागचं ते होतंच. स्टूल हातभर सरकवलं. समोरचं ते सरकलं नाही, भिंतीपाशीच राहिलं. मग तिने एका लांब दोऱ्याला सुई बांधली आणि दोरा चौकटीच्या वरच्या खिळ्याला अडकवला. सुई लोंबकळली, झुलली, हळूहळू थांबली. थांबलेल्या सुईच्या पलीकडे ते उजवीकडे सरकत होतं आणि डावीकडे झटका खात होतं.

"हे काय नवीन तोरण?" धाकटीने विचारलं.

"माप घेतेय."

"कुणाचं?"

थोरलीने स्टूल जागेवर ओढून घेतलं.

दोन दिवसांनी तिच्या कानावर आवाजही आला. सुती कापडावरून नख फिरवावं तसा, अगदी बारीक. खस. खस. खस. मग गप्प. मग पुन्हा. धाकटीलाही ऐकू आला असावा, कारण तिने दुपारी आत जाऊन फळीखाली उंदराचा पिंजरा ठेवला.

त्याच दुपारी थोरलीच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. धाकटी इस्त्री घ्यायला आत गेली, तशी ती दिवसातून वीसदा जायची. टेबलाच्या मागून जाताना तिने अंग चोरलं. खांदा आत घेतला, साडीचा पदर हाताने धरला, अर्धं पाऊल बाजूला टाकलं आणि पुढे गेली. गर्दीत कुणाला धक्का लागू नये म्हणून आपण जातो तशी. येतानाही तसंच.

"वळसा घालून का जातेस गं तिथून?"

"कुठे वळसा? सरळच तर जाते." धाकटी थबकली, मागे बघून म्हणाली, "पुतळा असायचा ना, त्याची सवय असेल."

पुतळा तिथे कधीच नसायचा. तो फळीशेजारी असायचा.

६

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई खूश झाल्या. पडद्यावर थोरलीची बुबुळं बसल्या जागी, पाखरू घरट्यात बसावं तशी. "मावशी, इतकं लागू पडलेलं मी फार कमी बघितलंय."

"तुमचे उपकार," थोरली म्हणाली, आणि ते तिच्या पोटातून आलं होतं. "दगडाखालचा हात सोडवलात." मग, सहज विचारावं तसं विचारलं, "बाई, आजारपणात सगळं हलायचं. पण एखादी वस्तू हलत नसेल, असं होतं का हो कुणाला?"

"नाही." त्या हसल्या. "होऊच शकत नाही. भिंत स्थिर आहे, डोळा हलतोय, म्हणून भिंत हलताना दिसते. हलत्या डोळ्याला एखादी वस्तू स्थिर दिसायची असेल तर तिला तुमच्या डोळ्याबरोबर हलावं लागेल. तीच चाल, तोच झटका, तोच विसावा. दोन झोपाळे शेजारी शेजारी एका लयीत चालले, की त्यांवर बसलेल्या दोघींना एकमेकी थांबलेल्या दिसतात ना, तसं. पण तुमच्या डोळ्याची लय धरून कोण झुलणार?"

थोरलीची नजर पडद्याकडे वळली.

"का? काही दिसतं का? भास?"

धाकटी शेजारीच बसली होती. तिने ताईकडे बघितलं. थोरलीच्या मनात डबी आली, नेढं आलं, आरशातला सरळ तडा आला. हो म्हटलं की गोळी बंद. आणि तिसरं औषध नाही.

"छे हो," ती म्हणाली. "मला कसले भास होणार? धाकटी आहे ना, भास घाबरून जवळ येत नाहीत."

जन्मात ती डॉक्टरशी खोटं बोलली नव्हती. परतीच्या वाटेवर धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एवढा मोठा विनोद तू कधी करत नाहीस." आणि पुढे तीन तास एक अक्षर बोलली नाही. धाकटी गप्प बसली म्हणजे काय, ते जिने तिला वाढवलं तिलाच कळणार.

७

एका वादकाचा काळा कोट आला होता, कोपरावर कसरीने चाळण केलेला. काळ्यावर काळं, याहून अवघड रफू नाही. चांगली चांगली माणसं हात टेकतात. थोरलीने मागून घेतला. पाच दिवस बसली. पण मान वर केली की समोर ते. म्हणून तिने स्टूल फिरवलं, आतल्या खोलीकडे पाठ केली. मग उजेड समोरून डोळ्यात, सुईवर हाताची सावली, आणि मानेवर कुणीतरी फुंकर घालतंय असं सारखं वाटणं. अर्ध्या दिवसात तिने स्टूल पुन्हा होतं तसं केलं. पाठीमागे असण्यापेक्षा समोर असलेलं बरं.

काम करता करता ती विचारही विणत होती, एक वर, एक खाली. गोळीचा भास म्हणावं, तर ते गोळीच्या आधीपासून आहे. आधी पुतळा होता म्हणावं, तर पुतळा माळ्यावर. आजाराचं म्हणावं, तर आजार गेला. उरलं काय? उरलं एवढंच, की अकरा महिने कुणीतरी त्या कोपऱ्यात उभं राहून, तिच्या डोळ्यांची चाल बघून, झटक्याला झटका देत हलत होतं. दिवसभर. एकदाही न चुकता. कशासाठी?

तिला टेकू मिळावा म्हणून?

की तिने दुसरीकडे कुठे बघू नये म्हणून?

तिची सुई थांबली. पहिला विचार आला की डोळे भरून यायचे, दुसरा आला की ती रस्त्याचं दार उघडं आहे ना ते बघायची. आणि दोन्ही विचारांचा धागा एकच होता, कुठून सोडवावा कळेना.

एक मात्र तिला दिसत होतं. गोळी घेतल्यावर ते जास्त थरथरायचं, आणि पुढच्या गोळीची वेळ होत आली, तिच्या पापणीआड जरासं फडफडायला लागलं, की शांत व्हायचं. एक गोळी चुकवली, तर ते पुन्हा खांबासारखं उभं राहील. भीती मिटेल. आणि सुईही जाईल.

पाचव्या दिवशी तिने रफू संपवलं. धाकटीने कोट उजेडात धरला, उलटा केला, नख फिरवलं.

"कुठे होतं गं भोक?"

"मलाही सापडत नाहीये," थोरली म्हणाली.

"उद्याच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंना काय सांगणार आहेस?" धाकटीने कोटाची घडी घालत, मान वर न करता विचारलं. "मी काही विचारत नाही. पण उद्या खरं सांगायचं. डोळे गेले तरी चालतील, तुझं डोकं गेलेलं मला नाही चालणार." आणि कोट पोचवायला ती निघून गेली.

८

दुपारचे तीन वाजले होते. आतल्या खोलीच्या वरच्या झरोक्यातून ऊन टेबलावर पडलं होतं. थोरलीने दुपारची गोळी घेतली, घड्याळ बघून बसली, डोळे अगदी निवांत होईपर्यंत. म्हटलं, आता जे आहे ते धड बघून घ्यावं. भास असेल तर उद्या सांगून टाकावं आणि सुया पुन्हा डबीत घालाव्यात. नसेल तर... नसेलचं पुढे काय, ते तिला सुचलं नाही. ती उठली, लोंबकळती सुई हाताने बाजूला केली आणि चौकट ओलांडली.

आत इस्त्रीचा उबदार वास होता. खस, खस, खस. मग विसावा.

ती टेबलाला धरून दोन पावलं पुढे गेली. चादर नव्हती. जिला ती चादर समजत होती ती नुसती राखाडी होती. थोरलीचा डोळा सवयीने वीण शोधायला लागला, उभा धागा, आडवा धागा. सापडला नाही. धागा नसलेलं कापड तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पळावंसं वाटलं, पण तिने टेबल घट्ट धरून ठेवलं.

"मी... आभार मानायला आले," तिच्या तोंडून निघालं. आपण काय बोलतोय हे तिलाच कळेना. "अकरा महिने. मी बुडाले असते. कोण आहेस, काय आहेस, मला नको सांगूस. पण मी बरी झाले रे. आता नको. आता थांब."

ते थांबलं नाही.

तेव्हा तिने नजर वर नेली, जिथे तोंड असायचं तिथे. अगदी क्षणभर. आयुष्यात नंतर कुणी विचारलं तरी तिने एवढंच सांगितलं, की दोन डोळे होते. बाकी तिने बघितलं नाही, की बघूनही ठेवून दिलं, कोण जाणे. दोन डोळे, आणि ते उजवीकडे हळूच सरकत होते, डावीकडे झटका खात होते. तीन झटके, मग विसावा. ती चाल तिने पडद्यावर बघितली होती. सही असते तशी.

ते तिची लय धरत नव्हतं आता. लय त्यालाच लागली होती. सोडता येत नव्हती.

भीती गेली असं नाही. भीती तिथेच होती, मानेवर, गार. पण तिच्या पोटात त्याच क्षणी एक ओळखीची मळमळ उठली आणि तिला कळलं, त्या डोळ्यांना आत्ता काय दिसत असेल. टेबल नाचताना. चौकट डुलताना. वायर वळवळताना. आणि समोर ही बाई, दगडासारखी स्थिर उभी राहिलेली, म्हणजे त्याच्या डोळ्यांत थरथरणारी, जिच्यावर नजर टेकवावी म्हटलं तर टेकत नाही अशी. त्याला कोण होतं? गोळी कोण देणार होतं?

बुबुळांकडे बघत तिने मोजलं. मग सुई पहिल्यांदा कापडात घालताना करायची तसा श्वास रोखला, आणि मान उजवीकडे हळूच सरकवली. डावीकडे झटका. पुन्हा. पुन्हा. विसावा. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा तिची मान आणि ते डोळे एका लयीत आले.

खस-खस थांबली.

किती वेळ गेला तिला कळलं नाही. मागे चपला वाजल्या, पिशवी खाली पडली.

"ताई! अगं, मान कशी हलतेय तुझी! गोळी चुकवलीस? परत सुरू झालं का?" धाकटी धावत आली, येताना टेबलामागे तिने अंग चोरलं, पदर धरला, आणि ताईचे दोन्ही दंड घट्ट पकडले. "चल. उद्या नाही, आत्ता जाऊ डॉक्टरीणबाईंकडे. चल म्हणते ना!"

"गोळी वेळेवर घेतलीये. डोळे बघ माझे."

धाकटीने बघितलं. डोळे समोर खिळलेले होते, शांत, ओले, आणि त्यांत एवढी माया होती की धाकटीने ओढणं थांबवलं. फक्त मान हलत होती. सरकायची, झटका खायची. तीनदा. मग विसावा.

"मग हे काय गं?" तिने रडवेल्या आवाजात विचारलं. "कुणासाठी करतेयस?"

"दंड सोड, धाकटे. मला धरू नकोस," थोरली लय न सोडता म्हणाली. "आत्ता कुठे मी त्याला स्थिर दिसायला लागलेय."